मोठी चाके बसवताना टायर का घासतो?

लखनौच्या हज़रतगंजमधील बहुमजली पार्किंगमध्ये माणसांनी भरलेली छोटी गाडी चढवताना स्टिअरिंग पूर्ण वळते आणि स्प्रिंगही दबते. टायर मडगार्डला घासतो तो नेमका अशा वेळी. दुकानात उभ्या गाडीवर तो सुटसुटीत दिसतो.

प्रथम बाहेरचा व्यास काढू. २०१८ च्या मारुती स्विफ्टला प्रकारानुसार १६५/८० आर१४ किंवा १८५/६५ आर१५ टायर येत. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. रिम १४ इंची, म्हणजे ३५५.६ मिमी. एकूण व्यास ३५५.६ + २ × १३२ = ६१९.६ मिमी. दुसऱ्या टायरचा येतो ६२१.५. रिम इंचाने वाढली, पण भिंत खुजी झाल्याने फरक जेमतेम २ मिमी. त्याच रिमवर १९५/६५ चढवला तर व्यास ६३४.५ होतो, स्पीडोमीटर ८० दाखवताना खरा वेग सुमारे ८२ असतो.

व्यास जुळला की काम झाले असे अनेकजण समजतात. खरी गोम ऑफसेटमध्ये असते. चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतले हे अंतर. समजा, रिम ५ ऐवजी ६ इंच रुंद घेतली आणि ऑफसेट ४५ वरून ३५ मिमी झाला. बाहेरची कड १२.७ + १० = २२.७ मिमी सरकते, आतली फक्त २.७. म्हणून घासते ते बहुधा बाहेर, मडगार्डच्या ओठाला. ऑफसेट वाढवला की उलट, आत सस्पेन्शनच्या बाजूला.

टायरचा भारांक मात्र मूळ टायरपेक्षा कमी नको.