इतिहास सगळ्यांकडे, पत्ता एकाकडे

३१ जानेवारी २०१७च्या रात्री लोकांचा कोड ठेवून घेणाऱ्या गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनिअरनं डेटा पुसणारी कमांड चुकून भलत्याच सर्व्हरवर चालवली. लक्षात येताच त्यानं ती थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबीच्या डेटाबेसमधले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच तऱ्हा हाताशी होत्या; ऐन वेळी एकही धड चालेना. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. ही सगळी धावपळ कंपनीनं यूट्यूबवर थेट दाखवली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण खरी गंमत आहे ती काय बुडालं आणि काय वाचलं यात. बुडाले ते त्या सहा तासांतले इश्यू (म्हणजे तक्रारी-सूचनांच्या नोंदी), शेरे, नवी खाती. लोकांच्या कोडच्या रेपॉझिटरी, म्हणजे इतिहासासकट कोडचे साठे, वेगळ्या सर्व्हरवर होते, त्यांना धक्का लागला नाही. आणि समजा, त्याही पुसल्या गेल्या असत्या, तर? त्यांवर काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर त्या होत्याच की, अथपासून इतिपर्यंत.

ही किमया गिटची, कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रणालीची. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स यानं एप्रिल २००५मध्ये ती लिहायला घेतली, कारण लिनक्स कर्नलच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच प्रणालीची फुकट सोय बंद झाली होती. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या सीव्हीएस किंवा सबव्हर्जनमध्ये इतिहास मुख्य सर्व्हरकडे राही आणि तुमच्या हाती फक्त ताज्या फायली येत. गिटमध्ये क्लोन केलं, म्हणजे रेपॉझिटरीची प्रत उतरवली, की पहिल्या कमिटपासूनचा, म्हणजे पहिल्या नोंदवलेल्या बदलापासूनचा, सगळा इतिहास तुमच्या डिस्कवर येतो. शिवाय प्रत्येक कमिटला त्याच्या मजकुरावरूनच गणितानं काढलेला ४० अक्षरी ठसा असतो, आणि हा ठसा काढताना आधीच्या कमिटचा ठसाही हिशेबात धरलेला असतो. दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या फाइलमधला एक स्वल्पविराम बदलून बघा: तिथून आजपर्यंतचे झाडून सगळे ठसे बदलतील. हजारो लोकांकडे जुने ठसे असताना ही लबाडी पचायची कशी?

२०११मध्ये याची परीक्षाच झाली. लिनक्स कर्नलचा कोड जिथं ठेवला जातो त्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोर शिरले आणि साइट काही आठवडे बंद पडली. टोरवाल्ड्सनं सप्टेंबरमध्ये आपली रेपॉझिटरी सरळ गिटहब या गिटलॅबसारख्याच साइटवर ठेवली आणि काम पुढं चालू. घर बदलावं तसंसुद्धा नाही. नुसता पत्ता बदलला.

असं असताना गिटहब तासभर पडलं, तर ऑफिसंच्या ऑफिसं हातावर हात धरून का बसतात? कारण कमिट लॅपटॉपवर करता येतं, पण इश्यू, पुल रिक्वेस्टवरची (म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंतीवरची) चर्चा, कुणाला काय परवानगी, हे सगळं गिटमध्ये नसतंच. ते होस्टिंग कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतं, म्हणजे २०१७च्या त्या रात्री गिटलॅबमध्ये जिथलं बुडालं, नेमक्या तशाच जागी. मायक्रोसॉफ्टनं २०१८मध्ये गिटहबसाठी साडेसात अब्ज डॉलर मोजायचं ठरवलं. तिथला सार्वजनिक कोड तर कुणालाही फुकट उतरवून घेता येत होता. माझ्या मते किंमत होती ती सगळे एकाच ठिकाणी भेटतात याची.

भेटीचं ठिकाण एकच असलं की ते बंद करणंही सोपं. डिसेंबर २०१४मध्ये भारत सरकारनं ३२ संकेतस्थळं रोखण्याचा आदेश काढला, त्यात गिटहबही होतं. आदेशाचं कारण दहशतवादी प्रचाराचा मजकूर. अडचण झाली ती कोड लिहिणाऱ्यांची.

पण कोडसारखी चर्चाही सगळ्यांकडे वाटून ठेवता येते. एसक्यूलाइटचे कर्ते रिचर्ड हिप यांच्या फॉसिल या प्रणालीत तक्रारींची तिकिटं आणि विकी कोडच्याच रेपॉझिटरीत राहतात, क्लोनबरोबर तीही येतात. लिनक्सवाल्यांचा मार्ग त्याहून जुना: पॅच ईमेलनं पाठवायचा, वादही ईमेलवरच घालायचा, म्हणजे प्रत्येकाच्या पेटीत त्याची प्रत राहते. टोरवाल्ड्सची रेपॉझिटरी आजही गिटहबवर आहे. तिथं येणाऱ्या पुल रिक्वेस्ट मात्र तो घेत नाही.