तिसऱ्या कप्प्यातला डबा

मुखेडला एका लग्नात अक्षदा पडल्या, बँड सुरू झाला आणि स्टेजशेजारच्या एलईडी पडद्यावर फुलांच्या चौकटीत नवरा-नवरीची नावं झळकली. नावं आदल्या दिवशीच्या लग्नातली होती. नवरीचे मामा मिक्सिंगवाल्याला शोधत निघाले, तेव्हा तो टेबलाखाली वाकून वायर तपासायचं सोंग करत होता.

जेवणाची पंगत बसायला वेळ होता, म्हणून मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. ‘‘नावं तर नवीनच टाकलो होतो की सर,’’ तो म्हणाला, ‘‘सातव्या खान्यात.’’ आणि बटण बोलावत होतं तिसरा खाना.

आपण ज्याला नुसतं ‘मिक्सिंग’ म्हणतो ते यंत्र म्हणजे व्हिडिओ स्विचर. चार कॅमेऱ्यांतलं कुठलं चित्र पडद्यावर जायचं, कोपऱ्यात आईचा चेहरा कधी दाखवायचा, नावांची पट्टी कधी चढवायची, हे सगळं त्यावर ठरतं. एकेका करामतीला पाच-सहा बटणं लागतात आणि भटजींचं ‘सावधान’ कुणासाठी थांबत नाही. म्हणून ती जुळणी आधीच साठवून ठेवायची आणि वेळ आली की एकाच बटणानं काढायची. ग्रास व्हॅली या कंपनीच्या स्टुडिओतल्या स्विचरवर या सोयीचं नाव ‘ई-मेम’, म्हणजे इफेक्ट्स मेमरी. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिकनं चार एचडीएमआय जोडण्यांचा छोटा ‘एटेम मिनी’ आणला. हातात मावणाऱ्या त्या डबीतही अशी साठवण होते.

साठवणीचे प्रकार दोन. एकात सगळ्या यंत्राची त्या क्षणाची स्थिती फाइल होऊन राहते. ती आख्खी परत लावली तर चित्राबरोबर आवाजाच्या पातळ्याही मागच्या होतात. मंगलाष्टकं चालू असताना हा प्रयोग करू नये. परत काय आणायचं ते निवडता येतं, पण घाईत तेवढं कोण बघतो?

दुसरा प्रकार मॅक्रोचा. यात तुम्ही दाबलेली बटणं ओळीनं नोंदली जातात. मुखेडची गडबड इथली. मॅक्रोत चित्र नसतं; चित्रं यंत्रातल्या क्रमांकाच्या खान्यांत ठेवलेली असतात. ‘तिसऱ्या खान्यातलं चित्र लाव’ एवढाच हुकूम असतो. घरात आजी म्हणते ना, फडताळाच्या तिसऱ्या कप्प्यातला डबा आण. डब्यात कालचे लाडू असोत की आजचा चिवडा, आणणारा तोच डबा आणणार. तेव्हा नवीन नावं रिकाम्या खान्यात न टाकता जुन्यांच्याच जागी बसवायची. मॅक्रोला हात लावावा लागत नाही.

मॅक्रोची आणखी एक खोड आहे. जे दाबलं तेवढंच तो लिहितो. नोंद करताना वाइप, म्हणजे एक चित्र पुसत दुसरं आणणारा बदल, आधीपासून निवडलेला असेल आणि तुम्ही तो पुन्हा निवडला नाहीत, तर मॅक्रोत वाइपचा उल्लेखच येत नाही. घरी सराव करताना सगळं बरोबर चालतं, मांडवात कुणी मधेच डिझॉल्व, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळवणारा बदल, निवडलेला असतो आणि तेच बटण भलतंच काही करतं. त्यामुळे जे जे लागणार ते नोंद चालू असताना मुद्दाम दाबायचं. आणि एक सेकंदाचा डिझॉल्व, म्हणजे आपल्याकडे २५ फ्रेम, पुरा व्हायच्या आत पुढचा हुकूम सुटू नये म्हणून मधे तेवढा विराम घालायचा.

मराठवाड्यात लाइट आणि जनरेटर यांच्या अदलाबदलीत यंत्र एकदा तरी बंद पडतंच. चालू झाल्यावर ते कुठल्या स्थितीत उठावं हेही एटेमला आधी सांगून ठेवता येतं. मिक्सिंगवाल्या पोरानं ते केलेलं नव्हतं. फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेवायचंही त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पंगतीवरून उठून परत आलो तर त्यानं स्विचरवर चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलं होतं : ‘३ नावं – फोटो बदल’. मामा तिथंच खुर्ची टाकून बसले होते, स्पेलिंग तपासत.