ओली भिंत आणि श्वासाचे विकार

जुलै महिना लागला की आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील श्वसनविकाराची रांग लांबत जाते, हे विश्वस्तांना व आपल्या नियमित देणगीदारांना ठाऊक आहेच. या रांगेतील पुष्कळ रुग्ण गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव अशा भागांतील जुन्या चाळींतून व भाड्याच्या इमारतींतून येतात. औषधोपचाराने बरे वाटून ते घरी परततात आणि काही आठवड्यांत तीच तक्रार घेऊन पुन्हा येतात. याचे कारण अनेकदा केसपेपरावर नसते. ते खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीवर, कपाटामागे, काळ्या-हिरव्या डागांच्या रूपाने असते. रुग्णसाहाय्य निधीतील रकमेचा या भिंतीशी निकटचा संबंध असल्याने जमाखर्चाच्या पानांशेजारी तिच्याविषयीही लिहिणे आम्हांस आवश्यक वाटले.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सदैव असतात. त्यांच्यापासून कोणतेही घर मुक्त नाही. त्यांना रुजण्यास हवे असते ते पाणी. भिंतीच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की चुना, रंग, लाकूड, कागद, गादीचा कापूस यांपैकी कशावरही बुरशी वाढू शकते. मुंबईत चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यातील दमट हवा ही अट जवळजवळ पूर्ण करतेच. उरलेली उणीव इमारत भरून काढते.

ती कशी, हे थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. जुन्या इमारतींच्या भिंती विटांच्या, जाड व चुन्याच्या गिलाव्याच्या असत. अशी भिंत पावसात ओल शोषून घेई आणि ऊन पडताच ती बाहेर टाकी. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर सिमेंटचा थर चढला, त्यावर तैलरंग आला आणि आत शिरलेली ओल आतच कोंडली गेली. इमारतीच्या मागील बाजूस सांडपाण्याचे जुने बिडाचे नळ असतात. त्यांच्या सांध्यांत पिंपळ रुजतो, मुळे भिंतीत शिरतात आणि त्या वाटेने पाणी झिरपते. वरच्या बिऱ्हाडाची मोरी खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून टपकते. गच्चीवर किंवा कौलांवर दरवर्षी ताडपत्री पडते, पण कठड्याची भेग तशीच राहते. त्यातच दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाकाची वाफ, दोरीवर वाळणारे कपडे आणि पावसाच्या झडीमुळे दिवसभर बंद असलेली खिडकी. शिवाय गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होतेच. गणपतीपूर्वी घर रंगविण्याची आपली रीत चांगली असली, तरी भर पावसाळ्यात ओल्या भिंतीवर दिलेला हा रंग दिवाळीपर्यंत पोपडे धरून सुटतो आणि त्याखाली बुरशी पूर्वीपेक्षा जोमाने वाढलेली दिसते.

अलीकडे ‘विषारी काळी बुरशी’ हा शब्द नातेवाइकांच्या तोंडी वारंवार येतो. त्याचा उगम बव्हंशी अमेरिकेतील आहे. १९९३-९४ मध्ये क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बालकांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि त्याचा संबंध पाण्याने भिजलेल्या घरांतील स्टॅकीबोट्रिस नावाच्या काळ्या बुरशीशी जोडला गेला. २००० साली तेथील रोग नियंत्रण केंद्राने या संशोधनाचा फेरआढावा घेऊन हा संबंध सिद्ध झालेला नसल्याचे जाहीर केले. शब्द मात्र रूढ झाला. त्यामुळे भिंतीवरील बुरशी कोणत्या जातीची, हे शोधण्यासाठी सर्वसामान्य कुटुंबाने पदरचे पैसे खर्च करू नयेत, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बुरशीची कोणतीही ‘सुरक्षित’ मात्रा ठरवून दिलेली नाही. घरातील ओल व बुरशी टाळावी आणि आढळल्यास दूर करावी, एवढेच सांगितले आहे. रंग काळा असो वा हिरवा, उपाय एकच आहे.

याचा अर्थ धोका काल्पनिक आहे असा नव्हे. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीत घरघर व दम्याचा जोर वाढणे यांचे प्रमाण अधिक आढळते, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. काही दमेकऱ्यांना ॲस्परजिलस या बुरशीची तीव्र ॲलर्जी होते व नेहमीच्या औषधांनी दमा आटोक्यात येत नाही. काहींच्या फुप्फुसांना बीजाणूंमुळे दीर्घकालीन सूज येते. भारतातील १९ शहरांत नोंदविलेल्या १,०८४ रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, फुप्फुसे घट्ट होत जाणाऱ्या विकारांपैकी सुमारे ४७ टक्के याच प्रकारचे होते. आपल्या शहराच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. क्षयरोग पूर्ण बरा झाल्यावरही फुप्फुसात पोकळी उरते, आणि तिच्यात ॲस्परजिलसचा गोळा तयार होऊ शकतो. बेडक्यातून रक्त पडू लागते, घरचे लोक घाबरतात आणि क्षय उलटला असे समजून पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होतात. बेडक्यात क्षयाचे जंतू सापडत नसतील, तर या शक्यतेविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा श्वसनविकाराने मृत्यू पावला. त्याच्या वडिलांनी घरातील बुरशीची तक्रार वारंवार केली होती. घरातील बुरशीचा दीर्घ संपर्क हेच मृत्यूचे कारण असल्याचा निर्णय तेथील मृत्यूचौकशी अधिकाऱ्यांनी २०२२ मध्ये दिला आणि पुढील वर्षी सामाजिक गृहनिर्माणाच्या कायद्यात तरतूद होऊन घरमालक संस्थांवर ठरावीक मुदतीत दुरुस्तीचे बंधन आले.

आपल्याकडे बंधन आहे, पण आकडे पाहावेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा अधिक नाही. मासिक भाडे १५० रुपये असेल, तर वर्षाला वळते होतात ४५० रुपये. एवढ्या रकमेत गवंड्याची एका दिवसाची मजुरीही निघत नाही. उपकरप्राप्त इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते, तेव्हा तुळई वा जिना धोक्यात असल्यास तेथे अर्ज करावा. सहकारी गृहनिर्माण संस्थेत स्थिती बरी आहे. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरील भिंतीतून व सामाईक नळांतून होणारी गळती संस्थेने स्वखर्चाने थांबवावयाची असते, सदनिकेतील मोरी-संडासाची गळती सभासदाने.

भिंत दुरुस्त होईपर्यंत घरच्या घरी काही करता येते. कपाट व पलंग बाहेरील भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत. स्वयंपाकाच्या वेळी खिडकी थोडी तरी उघडावी. भिंतीवरील पांढरा थर पाण्यात विरघळला, तर तो लोणा होय, बुरशी नव्हे. बुरशीचा डाग एका चौरस मीटरपेक्षा लहान असल्यास साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून जागा कोरडी करावी. कोरड्या ब्रशने खरवडू नये, त्याने बीजाणू खोलीभर उडतात. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क व हातमोजे वापरावेत. बुरशी लागलेली गादी-उशी वाळवून पुन्हा वापरू नये. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कदापि एकत्र करू नये; त्यातून क्लोरीन वायू निघतो. दमेकरी व्यक्तीने हे काम करू नये, आणि काम चालू असता त्या खोलीत थांबूही नये. गिलावा व रंगाचे काम पावसाळा संपून भिंत पूर्ण वाळल्यावरच काढावे.

देणगीदारांपुढे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे उचित होईल. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते व ती रुग्णांच्या उपचारावरच खर्च होते. त्या निधीतून इन्हेलर देता येतो, गिलावा करून देता येत नाही. म्हणून ओल्या खोलीत परतणाऱ्या मुलाच्या तिसऱ्या भरतीचा खर्च आमच्या वह्यांत बसतो, त्याच्या भिंतीचा बसत नाही. हिशेबनीस या नात्याने ही मांडणी आम्हांस उफराटी वाटते. भिंतीसाठी म्हणून कोणी दिलेली देणगी स्वतंत्र खाती ठेवण्याची विश्वस्तांनी अनुमती द्यावी, अशी आमची विनंती आहे.

तोपर्यंत समाजसेवा विभाग एवढे अवश्य करतो: श्वसनविकाराच्या रुग्णास घरी सोडताना घरातील ओलीविषयी विचारपूस केली जाते, आणि आवश्यक असल्यास मालक, संस्था अथवा दुरुस्ती मंडळ यांच्या नावे डॉक्टरांच्या सहीचे पत्र विनामूल्य दिले जाते. पत्रासाठी केसपेपर, भाडेपावती किंवा भाग-दाखल्याची प्रत आणि भिंतीचे छायाचित्र सोबत आणावे.