छायाचित्रावरून पेन्सिलीने व्यक्तिचित्र

छायाचित्रावरून काढलेल्या व्यक्तिचित्रात साम्य येणार की नाही, हे पेन्सिल हातात घेण्याआधीच, फोटोच्या निवडीत बरेचसे ठरून जाते. जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी चित्रकाराकडे मागणी येते ती बहुधा वाढदिवसाच्या किंवा सेवानिवृत्तीच्या भेटीसाठी, नाहीतर घरातल्या दिवंगत माणसाच्या आठवणीसाठी. दिवंगताचा म्हणून हाती येतो तो पासपोर्ट आकाराचा फोटो किंवा लग्नातल्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा. समोरून पडलेल्या फ्लॅशने नाकाची सावली, गालाचा उंचवटा, डोळ्यांची खोबण सगळे सपाट करून टाकलेले असते. असा फोटो मोठा करून जसाच्या तसा उतरवला तर मापे बरोबर येतात, माणूस येत नाही. म्हणून जाणकार चित्रकार त्या व्यक्तीचे आणखी दोन-चार फोटो मागून घेतो. मुख्य फोटो एकच, बाकीचे साक्षीला. भुवईचा बाक किंवा ओठांची ठेवण मुख्य फोटोत पुसट असेल, तर ती या साक्षीदारांकडून कळते.

नवा फोटो काढणे शक्य असेल तर काम निम्मे सोपे होते. मोबाइल चेहऱ्याच्या फार जवळ नेला की नाक मोठे दिसते आणि कान मागे सरतात. दीड-दोन मीटर अंतरावरून, एका बाजूने खिडकीचा उजेड घेऊन काढलेल्या फोटोत चेहऱ्याची घडण स्वच्छ दिसते.

फोटोच उपलब्ध नसेल तेव्हा काय होते, याचे उदाहरण जामखेड तालुक्यातच आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म इथल्या चौंडी गावी ३१ मे १७२५ रोजी झाला आणि १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. म्हणजे अहिल्याबाईंचे आजचे प्रत्येक पेन्सिल चित्र हे आधीच्या चित्रांवरून किंवा पुतळ्यांवरून केलेले असते आणि आधीच्या कलावंताने कल्पनेने भरलेल्या जागाही त्यात उतरतात. फोटो कितीही खराब असला तरी तो खऱ्या चेहऱ्यावर पडलेल्या प्रकाशाची नोंद असतो; चित्रावरून काढलेल्या चित्राला तो आधार नाही.

१७९५ हेच वर्ष पेन्सिलीच्याही इतिहासातले. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली त्याच वर्षी फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मिसळून, भाजून शिसे तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. एचबी, २बी, ४बी, ६बी या श्रेणी त्या प्रमाणावरच उभ्या आहेत. व्यक्तिचित्राचा आराखडा एचबीने हलक्या हाताने करतात, छाया २बी-४बीने चढवतात आणि ६बी बाहुली, नाकपुड्या, केसांतला गडदपणा एवढ्यापुरती राखून ठेवतात.

आराखड्यासाठी फोटोवर आणि कागदावर सारख्या प्रमाणात चौकोन आखण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. नगरच्या महावीर कलादालनात प्रमोद कांबळे यांनी ५०० नामवंत भारतीयांचे चेहरे असलेले ७० फूट बाय २० फुटांचे पेन्सिल चित्र साकारले आहे. एवढ्या आकारात मापाची शिस्त किती लागते, हे ते पाहताना कळते. तरी चौकोनांवर सगळा भार टाकणे धोक्याचे. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढे अंतर असते, कान भुवई आणि नाकाचा खालचा भाग यांच्या दरम्यान बसतात. ही मापे पाठ असली की या माणसाचा चेहरा त्यांपासून नेमका कुठे वेगळा आहे ते दिसते, आणि साम्य त्या वेगळेपणातच असते.

छाया भरताना कडा आखू नयेत. नाकाला दोन बाजूंनी रेघ नसते. उजळ भाग आणि सावली भेटतात तिथे नाक दिसते. डोळे किलकिले करून फोटो पाहिला की बारकावे विरतात आणि छायेचे मोठे आकार उरतात. आधी ते भरावेत, सुरकुत्या नंतर. केस एकेक काढण्याऐवजी त्यांचा एकसंध आकार छायांकित करावा आणि उजळ जागा मऊ, मळता येणाऱ्या खोडरबराने उचलाव्यात. बोटाने घासणे टाळावे; कातडीचे तेल कागदावर डाग धरते.

मराठी चेहऱ्यात कुंकवाची एक खास अडचण असते. रंगीत फोटोत ते उठून दिसते म्हणून गडद काढले जाते. पण मोबाइलवर तोच फोटो कृष्णधवल केला, तर लाल रंगाची छटा त्वचेच्या किती जवळची आहे ते समजते. जुन्या काळच्या काही फिल्म मात्र लाल रंगाला दाद देत नसत, त्यामुळे तशा फोटोत कुंकू जवळजवळ काळे येते. चित्र जुन्या फोटोवरून असेल तर आजीच्या कपाळावर तो काळेपणा किती ठेवायचा, हे चित्रकाराला ठरवावेच लागते.

पूर्ण झालेले चित्र पुसट होऊ नये म्हणून फिक्सेटिव्हचे पातळ फवारे दोन-तीनदा, मधे वाळू देऊन मारतात. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी हवी, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि ग्रॅफाइट काचेवर उतरते.