दिव्याखालील औषधी रोपे आणि खताची मात्रा

पाटोद्यासारख्या बालाघाटावरील अवर्षणप्रवण तालुक्यात वैशाखाच्या उन्हात औषधी वनस्पतींची रोपे उघड्यावर तगविणे कठीण. ती घरात एलईडी नळ्यांखाली वाढवून मृगाच्या पावसावर लावता येतात. प्रश्न उरतो खताचा. औषधाप्रमाणे त्यासही मात्रा असते.

पहिली खरी पाने येईपर्यंत रोप बीजातील संचितावर जगते. तोवर पाणी पुरे. पुढे मात्र खत लागतेच, कारण कोकोपीटमध्ये नत्र जवळजवळ नसते. विद्राव्य 19:19:19 खत लिटरला 1 ग्रॅम घातल्यास 190 मिलिग्रॅम नत्र होते. कोवळ्या मुळांस ते जड जाते, असे आमचे मत आहे.

प्रयोगासाठी एकाच बियाण्याचे तीन ट्रे घ्यावेत. एकास निव्वळ पाणी, दुसऱ्यास लिटरला पाव ग्रॅम, तिसऱ्यास अर्धा ग्रॅम. बाकी सर्व समान ठेवावे. नळीच्या टोकांकडे प्रकाश मंद असतो, म्हणून ट्रेंच्या जागा दर दोन दिवसांनी बदलाव्यात. अन्यथा प्रकाशाचा गुण खताच्या नावे जमा होतो.

रोप लांबट व दुबळे झाल्यास प्रकाश अपुरा समजावा, खत वाढवू नये. पानांची टोके करपल्यास क्षार अधिक झाले. नवी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या असल्यास बोअरच्या जड पाण्यामुळे लोह मुळांस मिळत नसावे. साठविलेले पावसाचे पाणी द्यावे.

सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातील कुणपजलाचा मोह आपणा वैद्यांस होणारच. परंतु दुर्गंधी सोडली तरी त्यातील नत्र दर वेळी निराळे असते. तुलनेस ते निरुपयोगी.

अश्वगंधेचा निर्णय पानांवरून करू नये. फार्मसीस मूळ हवे असते. प्रत्येक ट्रेमधील पाच रोपे उपटून मुळे धुवावीत, वाळवावीत आणि तोलावीत.