बोल एकाचे, वाणी दुसऱ्याची

दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या दोन रीती आहेत. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उद्धृत करणे ही एक, आणि त्यांचा आशय सांगणाऱ्याने आपल्या वाक्यात सामावून घेणे ही दुसरी. इंग्रजी व्याकरणात पहिलीला प्रत्यक्ष कथन व दुसरीला अप्रत्यक्ष कथन म्हणतात. मराठी विद्यार्थ्याला या प्रकरणाची धास्ती वाटते, कारण ते त्याच्यापुढे बहुधा कोष्टकाच्या रूपाने येते : 'आय'चे 'ही' करावे, 'इज'चे 'वॉज' करावे, 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे' करावे.

या बदलांच्या मुळाशी तत्त्व मात्र एकच आहे. वाक्याचे केंद्र मूळ बोलणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे सरकते. गोविंद म्हणाला, 'आय ॲम इल.' सांगणाऱ्याच्या दृष्टीने गोविंद हा 'तो' आणि ती वेळ गेलेली. म्हणून 'ही सेड दॅट ही वॉज इल.' हे तत्त्व उमगले, की अपवादही सहज उलगडतात. मंगळवारचे बोलणे मंगळवारीच सांगितले, तर 'टुमॉरो' तसाच राहतो, कारण दोघांचा उद्या एकच असतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे सत्य काल सांगितले म्हणून भूतकाळात घालण्याचे कारण नाही.

मराठीची प्रकृती निराळी आहे. संस्कृतात मूळ शब्द राखून पुढे 'इति' योजीत. मराठीही आधी 'की' किंवा मागाहून 'असे', 'म्हणून' योजते. आतील वाक्य बहुधा अभंग राहते. 'गोविंद म्हणाला, की मी आजारी आहे' यातील 'मी' गोविंदच. पण हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले, तर गोविंद बरा होतो आणि सांगणारा आजारी पडतो!

ही केवळ गमतीची गोष्ट नाही. समजा, न्यायालयात साक्षीदार म्हणतो, 'सखाराम म्हणाला, की मी पैसे घेतले.' पैसे कोणी घेतले? सखारामाने, की साक्षीदाराने? मराठीत दोन्ही अर्थ संभवतात. लेखनिकाने इंग्रजीत 'आय' लिहिले, तर आळ साक्षीदारावर येतो. 'ही' लिहिले, तर तो सखाराम की कोणी तिसराच, हा संशय उरतो. अशा वेळी मूळ शब्द अवतरणचिन्हांत देणे हाच सुरक्षित मार्ग होय.

प्रश्न व आज्ञा सांगताना जबाबदारी आणखी वाढते. प्रश्नाची उलटी शब्दरचना सरळ होते, एवढे सोपे आहे. परंतु 'दार उघड' हे शब्द सांगताना 'ऑर्डर्ड' म्हणावे, 'रिक्वेस्टेड' म्हणावे की 'बेग्ड', याचा निवाडा सांगणाऱ्यालाच करावा लागतो. त्या एका क्रियापदात बोलणाऱ्याचा स्वभाव बदलून जाऊ शकतो.

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहातील भाषणांची वृत्ते पूर्वी बरीचशी संक्षेपाने, तृतीय पुरुषात छापली जात. १९०९ साली सभागृहाने हे काम स्वतःकडे घेतले आणि सभासदांची भाषणे प्रथम पुरुषात, जवळजवळ शब्दशः नोंदली जाऊ लागली. कोणाचे शब्द कोणाच्या तोंडी आहेत, हे लोकशाहीतही महत्त्वाचेच.

दुसऱ्याचे बोलणे सांगणे म्हणजे त्याची ठेव पोहोचविणे. शब्द बदलले तरी चालतील; ठेवीत मात्र उणेअधिक होता कामा नये.