विश्लेषण : उपोषण करणाऱ्या कैद्याला बळजबरीने अन्न देणे योग्य आहे का?

मणिपूरमधील मालोम येथे सुरक्षा दलांच्या गोळीबारात १० नागरिक ठार झाले. त्यानंतर नोव्हेंबर २००० मध्ये इरोम शर्मिला यांनी ‘अफ्स्पा’ रद्द करण्यासाठी उपोषण सुरू केले. त्यांच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. कोठडीत त्यांना नाकातून नळीने अन्न दिले जाई. आपल्याला मरायचे नाही, असे त्या सांगत राहिल्या. ९ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांनी उपोषण सोडले.

नळी धोकादायक का?
१९२९ मध्ये लाहोर तुरुंगात जतींद्रनाथ दास यांना असेच अन्न देण्याचा प्रयत्न झाला. त्यात त्यांच्या फुप्फुसांना इजा झाली. उपोषणाच्या ६३व्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

डॉक्टरांनी काय करावे?
जागतिक वैद्यकीय संघटनेच्या माल्टा जाहीरनाम्यानुसार (१९९१), विचारपूर्वक अन्न नाकारणाऱ्याला बळजबरीने भरवणे अनैतिक आहे. मात्र हा निर्णय कोणाच्या दबावाखाली नाही ना, याची खात्री डॉक्टरांनी एकांतात बोलून करायची असते.

कायदा काय सांगतो?
आत्महत्येच्या प्रयत्नासाठीचे जुने कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत नाही. पण लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केल्यास कलम २२६ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे जुनाच प्रश्न उरतो : उपोषण म्हणजे आत्महत्या की निषेध?